डेव्हिड बुल यांना जाहीर पत्र

आदरणीय डेव्हिड बुल,
सादर नमस्कार.

आपली भेट कधी झालेली नाही. पण लाकूड कोरून चित्र छापायला मी शिकले ती तुमचे व्हिडिओ बघून. कुणी गुरू विचारला की मी तुमचं नाव सांगते.

जन्म इंग्लंडचा, वाढलात कॅनडात आणि 1986 मध्ये सहकुटुंब जपान गाठलंत. इंग्रजी शिकवून घर चालवलंत. 1989 मध्ये जुन्या जपानी चित्रकार कात्सुकावा शुन्शोच्या 1775 च्या पुस्तकातली शंभर कवींची चित्रं नव्याने कोरून छापायला घेतलीत. वर्षाला दहा, अशी दहा वर्षं! तिकडे कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. एकेका कामात लोकांची उमेद सरते. तुम्ही दोन्ही केलंत आणि 1998 मध्ये शंभरावा कवी छापलात.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती 'केंतो', म्हणजे कागद दर वेळी नेमक्या जागी बसवायच्या ठोकळ्यावरच्या खाचा. प्रत्येक रंगाचा ठोकळा वेगळा, तरी रंग केसभरही सरकता कामा नये. तुम्ही कॅमेरा थेट ठोकळ्याच्या कडेशी नेलात. उजव्या कोपऱ्यात काटकोनी खाच, त्याच कडेला डावीकडे सरळ खाच. ओलसर कागदाचा कोपरा आधी काटकोनात टेकवायचा, मग कड सरळ खाचेला लावायची आणि मगच कागद सोडायचा. रंगात तांदळाची खळ का घालायची, बांबूच्या सालीत गुंडाळलेली बारेन, म्हणजे कागद घासायची चकती, फिरवताना अंगाचा भार कसा द्यायचा, हेही दाखवलंत. पिढ्यान्‌पिढ्या उस्तादाशेजारी बसूनच मिळणारी विद्या तुम्ही हातचं न राखता कुणालाही दिलीत. माझ्यासारखीला तिथे उमेदवारी कोण देणार होतं?

चित्र बघायलाही तुम्हीच शिकवलंत. डोक्यावरचा दिवा बंद करून खिडकीतून आडवा उजेड घ्यायचा. मग कागदात दबलेली रेघ आणि धाग्यांत मुरलेला रंग दिसतो. जपानी चित्रकार होकुसाईचं लाटेचं छापचित्र सगळ्या जगाला ठाऊक आहे. ते कोरणाऱ्या, छापणाऱ्या हातांची चौकशी कोण करतं? तुम्ही आयुष्यभर त्या हातांबद्दल बोलत आलात. टोकियोच्या असाकुसा भागातल्या 'मोकुहानकान' या तुमच्या छापचित्रांच्या कार्यशाळेत तुम्ही नवे छापणारे तयार केलेत आणि चित्रांच्या किमती साध्या माणसाला झेपतील अशा ठेवल्यात. या कामावर पोट भरता येतं हे मला तिथूनच कळलं.

सध्या कपाळावरच्या केसांच्या रेघा कोरायला घेतल्या आहेत. त्यासाठी तुमचे जुने व्हिडिओ पुन्हा बघते आहे.

मनापासून आभार.

तुमची,
एक विद्यार्थिनी