न्हाणीवरचं ऊन

युमा, ॲरिझोना
२२ जून २०२५, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

पाकिटावर 'बेळगावी' लिहिलंय. २०१४ पासून सरकारी नाव तेच आहे, आणि पत्र पोचणं महत्त्वाचं. आत मात्र बेळगावच.

बाबा, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही माझ्या मागं बघत तीनदा विचारलंत, "वर ते चांदीसारखं काय लावलंयस?" मी तीनदा 'बबल शीट' म्हणालो आणि तुम्हाला तिन्ही वेळा 'सीट' ऐकू आलं. न्हाणीच्या छताला सीट कशाला, या कोड्यात तुम्ही, आणि पलीकडं आईचं हसणं. कौलांच्या कारखान्यातल्या प्रेसनं तुमचे कान नेले ते नेलेच. म्हणून आता कागदावर लिहितो. आईनं मोठ्यानं वाचावं. वाचून झालं की गडहिंग्लजला अक्काकडं पाठवा, तिच्या जिन्यावर माझ्या न्हाणीसारखीच छपरातली खिडकी ठेवलीय म्हणे.

मी राहतो ते घर चाकांवरचं आहे, हे तुम्हाला माहीत आहे. सोलरची साइट गावापासून लांब, भाड्याची घरं महाग, म्हणून आमच्यातले बरेचजण आरव्ही भाड्यानं घेऊन राहतात. थंडीत इथं उत्तरेकडची म्हातारी माणसं हजारोंनी येतात, गाड्या लावून चार महिने ऊन खातात आणि उन्हाळा लागला की पसार होतात. शहाणी माणसं. आता आमच्या रांगेत तीनच गाड्या उरल्यात. दुपारी चाळिशीच्या वर हे रोजचंच. १९९५ च्या जुलैत इथं १२४ फॅरनहाइट झालं होतं, म्हणजे आपले ५१ अंश. आपण बेळगावची माणसं गावाला गरिबांचं महाबळेश्वर म्हणवून घेणारी, ३७ अंश झालं की 'यंदा लई ऊन' म्हणणारी. आमचं काय होत असेल बघा.

या घरातली आंघोळीची खोली आपल्या देवघरापेक्षा वीतभरच मोठी. टबाखालून पाइप गेलेत, म्हणून टब उंचावर बसवलाय, आणि छत आधीच ठेंगणं. टबात उभा राहिलो की माझं डोकं वर आपटणार. त्यावर करणाऱ्यानं काढलेली युक्ती अशी, की छताला १४ बाय २२ इंचांचं भोक पाडलं आणि त्यावर प्लॅस्टिकचा घुमट बसवला. आतून आणखी एक पातळ घुमट. आंघोळ करताना माझं डोकं त्या घुमटात असतं, पिंपात तोंड घातल्यासारखं. उजेड मिळतो, डोकं वाचतं, इथपर्यंत झकास.

पण ऊन! बाबा, भर दुपारी स्वच्छ आकाश असेल तर एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं, हा आकडा आमच्या धंद्यात पाठ असतो. हा घुमट आहे चौरस मीटरचा पाचवा हिस्सा. म्हणजे २०० वॅट. ४० चे पाच जुने पिवळे बल्ब एवढ्याशा खोलीत पेटवून ठेवलेत असं समजा. थोडंफार प्लॅस्टिक अडवतं, बाकी सगळं आत. आत आलेलं ऊन टब तापवतं, जमीन तापवतं, आणि त्यांची धग मात्र त्या प्लॅस्टिकमधून परत बाहेर पडत नाही. त्यात खोलीचं दार बंद, एसीचा वारा तिथवर पोचत नाही. दुपारी थंड पाण्याचा नळ सोडला तर पहिला तांब्या बंबातला वाटावा.

दुसरा ताप उजेडाचा. उन्हामुळं साइटचं काम पहाटे चारला सुरू होतं, म्हणून मी रात्री आठाला आडवा होतो. तेव्हा बाहेर अजून उजेड असतो. न्हाणी आणि माझी खाट यांच्यात फक्त एक पडदा. उजेड गेला की आमच्या गाड्यांच्या पार्कातला खांबावरचा दिवा लागतो, तो नेमका घुमटावर. आई विचारत होती ना, डोळे का सुजलेत म्हणून? हे कारण. दुसरं काही नाही.

आता मी काय काय उद्योग केले ते सांगतो. हसा, पण अक्काच्या पोरांसमोर नको.

पहिल्यांदा खोक्याचा पुठ्ठा कापला, त्याला स्वयंपाकाचा चंदेरी कागद गुंडाळला आणि आतल्या चौकटीला चिकटपट्टीनं लावला. चार दिवस टिकला. मग पट्टीचा गोंद पातळ झाला आणि रात्री तीनला तो सगळा सरंजाम टबात कोसळला. मला वाटलं माणूस घुसला घरात.

मग दुकानात फोमची उशी मिळाली, छतातल्या झरोक्यात दाबून बसवायची. ती १४ बाय १४ ची, पंख्याच्या झरोक्यासाठी केलेली. तिथं चपखल बसली, अजून आहे. घुमटाला आखूड पडली. आणि बसली असती तरी माझं डोकं कुठं गेलं असतं? घुमट ज्यासाठी केलाय ते कामच बंद.

तिसरं ते तुमचं 'सीट'. दोन्ही बाजूंनी चंदेरी, मधे हवेचे फुगे असलेलं शीट. बाजारातून गुंडाळी आणली, चौकटीपेक्षा बोटभर मोठा तुकडा कापला आणि आतल्या घुमटाला लागून घट्ट कोंबला. खोली खरंच गार झाली. अंधारही चांगला झाला. मी खूश. साइटवर पॅनेलचं तापमान बघायला आमच्याकडं बंदुकीसारखा थर्मामीटर असतो, तो घरी आणून शीटवर धरला तर ३१ अंश! लगेच फोटो काढून मित्रांना पाठवला.

दुसऱ्या दिवशी साइटवरच्या मुकादमानं वेड्यात काढलं. चकचकीत पत्र्यावर ती बंदूक खोटं बोलते. ती बघते वस्तूकडून येणारी धग, आणि चंदेरी वस्तू स्वतःची धग जवळजवळ सोडतच नाही, समोरच्या वस्तूंची धग आरशासारखी दाखवते. मला दिसत होतं ते टबाचं तापमान. मग शीटवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला आणि टेपवर बंदूक धरली. ४६. शीट खाली ओढून आतल्या घुमटावर धरली, तर ७१.

तेव्हा लक्षात आलं. ऊन थांबलंच नव्हतं. ते घुमटातून आत येत होतं, शीटवर आपटत होतं आणि दोन घुमटांच्या मधल्या हवेत कोंडलं जात होतं. खोली वाचली, घुमट भाजला. दोन आठवड्यांनी आतला घुमट मधे खाली आला, तापलेल्या मेणासारखा, आणि एका स्क्रूपाशी केसाएवढा तडा गेला. गाडी भाड्याची. मालकाला सांगितलं, त्यानं आतल्या घुमटाचे पैसे अनामत रकमेतून कापणार म्हणून सांगितलं. बरोबर आहे, चूक माझीच.

आणि बाबा, मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. दिवसभर मी काय करतो? पॅनेल बसवतो. पॅनेल तापलं की वीज कमी देतं, म्हणून छतावर बसवतानासुद्धा त्याच्याखाली हवा खेळती ठेवायची, हे मी नव्या पोरांना शिकवतो. आणि घरी येऊन हवेची वाट बुजवतो.

त्या रात्री आपली जुनी न्हाणी आठवली. कौलांच्या रांगेत ते एक काचेचं कौल. खाली बंब, धूर, आणि त्या धुरातून तिरपा उतरणारा उन्हाचा पट्टा. त्यात धूळ अशी तरंगायची की हातानं पकडता येईल. पट्टा हंड्याच्या कानावर आला की आई ओरडायची, "शाळंची वेळ झाली, अजून आंघूळच करूलालास काय?" घड्याळ कशाला लागतंय. आणि चैत्रात तुम्ही शिडी लावून वर जायचा, चुन्याचं डबडं आणि काथ्याचा कुंचला घेऊन. काचेवर वरून पातळ हात मारायचा. मी खालून विचारलं होतं, आतून का नाही मारत, सोपं पडेल. तुम्ही म्हणालात, "ऊन घरात घेऊन मग हाकलत बसायचं नसतंय." मृगाचा पाऊस आला की चुना आपोआप धुऊन जायचा, आणि पावसाळी अंधारात उजेड लागायचा तेव्हा काच मोकळी. युरोपातले काचघरवाले उन्हाळ्यात काचेवर पांढरी सफेदी मारतात, ती हीच गोष्ट. तुम्हाला ती कुणी शिकवली नव्हती.

इथं चुना जमणार नाही. एक तर गाडी दुसऱ्याची. दुसरं, प्लॅस्टिकवर भलतंसलतं लावलं की ते तडकतं. आणि धुऊन कोण काढणार? इथं वर्षाला जेमतेम ३ इंच पाऊस, आपल्या कणकुंबीला तेवढा एका दिवसात पडतो.

म्हणून मागच्या रविवारी, उजाडायच्या आत, वर चढलो. छत पांढऱ्या रबरासारख्या कापडाचं, खाली पातळ प्लायवूड. माणूस उभा राहिला तर दबतं. आपण कौलांवर चढताना खाली वासा कुठं आहे ते बघून पाय ठेवायचो ना, तसंच. मी प्लायचा रुंद तुकडा पसरून त्यावर गुडघे टेकले. पीव्हीसी पाइप आणि एल्बो घेऊन घुमटापेक्षा चहूबाजूंनी वीतभर मोठी चौकट केली, तिला चार बोटं उंच पाय दिले, पायांना जुन्या चपलेच्या रबराचे तुकडे बांधले. वर पांढरी शेडनेट ताणली, ८० टक्के सावलीची. आपल्याकडं ढबू मिरचीवाले हिरवी घालतात, तिचीच बहीण. छताला एकही स्क्रू मारला नाही. छताला पाडलेलं भोक म्हणजे उद्याची गळती, हे तुमच्याकडूनच शिकलोय. दोऱ्यांनी मागच्या शिडीला आणि बाजूच्या कड्यांना बांधून टाकलं.

पत्रा किंवा फळी का नाही घातली, असं तुम्ही विचारणार. जून मध्यापासून इथं त्यांचा पावसाळा धरतात. पाऊस कमी, वावटळच जास्त. अशा वाऱ्यात फळी शेजारच्या गाडीवर जाईल. जाळीतून वारा आरपार जातो, आणि जाळी व घुमट यांच्या मधली तापलेली हवाही निघून जाते. गाडी हलवायची झाली तर मात्र आधी हे उतरवायचं, विसरलो तर हमरस्त्यावर पतंग.

परवा दुपारी दोनला पुन्हा बंदूक धरली, घुमटावर, टेप लावून. ४९. आणि खोलीत उजेड कसा आलाय माहितेय? कंदिलाच्या काचेला काजळी धरल्यावर येतो तसा, मऊ. दुपारी दिवा लावावा लागत नाही. रात्रीपुरता खालून शीटचा तुकडा लावतो, तोच तुम्ही पाहिलात. पण आता कोंबत नाही. वेल्क्रोचे चार ठिपके लावलेत, चारी बाजूंनी बोटभर फट ठेवलीय, आणि पहाटे कामावर जाताना काढून ठेवतो. फट नसली तर आंघोळीची वाफ वर साठून बुरशी धरते, तेही एकदा करून बघितलंय.

आता तुमच्याकडचं. वाळवीनं वासे खाल्ल्यावर तुम्ही न्हाणीवर पत्रा घातलात, आणि मधे एक पारदर्शक फायबरचा पत्रा. आई म्हणते उन्हाळ्यात तिथं उभं राहवत नाही. आता आर्द्रा लागलंय, पावसात काही करू नका, शिडी तर अजिबात लावू नका. कौलं घसरडी असतात आणि तुमचं वय काय? माघात अक्काच्या मालकांना बोलवा. शेडनेट ५० टक्क्यांची पुरे, ८० घेतली तर आईला दिवसा दिवा लावावा लागेल. पत्र्याला टेकवू नका, अँगल लावून वीतभर वर ताणा. मृगाच्या आधी काढून ठेवा, ओल्या जाळीवर शेवाळ धरतं. आणि शेजारच्या काकूंनी सांगितलंय तसं आतून थर्मोकोल लावायचा विचार मनातून काढा. खाली बंबाचा जाळ, वर थर्मोकोल, एक ठिणगी उडाली तर? हे मात्र खरंच ऐका.

अक्कालाही हेच. जिन्यावरच्या काचेला आतून पडदा लावून ती पैसे घालवणार, मला माहीत आहे. तिला म्हणावं आधी गच्चीवर जाऊन काच मोज आणि माप मला पाठव.

आणखी एक. जुनं काचेचं कौल अजून परसात आहे का, केळीच्या बुंध्याशी टेकवून ठेवलं होतं ते? भंगारवाल्याला देऊ नका. पावसाआधी वासे बदलताना कोपऱ्यावर त्याचा टवका उडाला होता असं आई म्हणाली, पण एक टवका गेला म्हणून काय झालं. पुढच्या वर्षी मेमध्ये सुट्टी मिळतेय. मी आल्यावर कुठं बसवायचं ते बघू.

पट्टा आता कुठवर येतो गं आई? हंडा तर तू माळ्यावर टाकलास.

तुमचा,
धाकटा

ता. क. कुंदा पाठवू नका. मागच्या वेळचा इथल्या उन्हात डब्यातच पातळ झाला. तरी खाल्ला.