बालवाडीच्या पालकांसाठी सूचना : शनिवारी चित्र-माती तास

नमस्कार पालकहो,

येत्या शनिवारी सकाळी १० वाजता बालवाडीच्या पडवीत मुलांचा चित्र-माती तास आहे. हळद, गेरू आणि जांभ्याच्या लाल मातीचे डाग सहज निघत नाहीत, म्हणून मुलांना जुने कपडे घाला.

सोबत धुतलेले मोठे शिंपले, एक करवंटी आणि जुनं वर्तमानपत्र द्या. गुंजा मात्र अजिबात नकोत, त्या विषारी असतात. धाकटं भावंड सोबत येणार असेल तर बारीक शिंपले, मणीही नकोत. लहानगी लगेच तोंडात घालतात.

माती मळताना, कागद फाडताना बोटांत बळ येतं आणि त्याच बोटांनी मूल पुढे पेन्सिल नीट धरतं. शिंपले लहान-मोठे लावताना क्रम कळतो, मोजणी येते. तीन-चार वर्षांच्या मुलांना घरी अक्षरं गिरवायला बसवू नका, ही कळकळीची विनंती. आधी मनसोक्त रेघोट्या मारू देत.

मुलाचं चित्र हातात घेऊन सुधारू नका. "यात काय चाललंय, सांग ना," एवढंच विचारा. सांगता सांगता मूल नवे शब्द वापरू लागतं.

ज्यांना थांबून मदत करता येईल, त्यांनी शुक्रवारपर्यंत ताईंना कळवावं. आजी-आजोबा आले तर फारच छान.