आसनांआधीचे यम

दरवर्षी २१ जूनला आंतरराष्ट्रीय योगदिनी मैदाने भरतात, ही समाधानाची बाब आहे. मात्र पतंजलींच्या अष्टांगयोगात आसनाचा क्रमांक तिसरा असून त्याआधी यम (इतरांशी वागताना पाळायचे संयम) आणि नियम (स्वतःला लावायची शिस्त) येतात, याची आठवण योगवर्गांत क्वचितच करून दिली जाते. योगसूत्रांत आसनावर अवघी तीन सूत्रे आहेत, तर यमांना जाती, देश, काळ वा प्रसंग यांची सबब न चालणारे ‘महाव्रत’ म्हटले आहे.

आमच्या भागातील उद्यानात सकाळच्या वर्गाला येणारे अनेक साधक पदपथावरच दुचाकी लावतात, त्यामुळे शाळेला निघालेली मुले आणि काठी टेकत चालणारे ज्येष्ठ यांना भर रहदारीत उतरावे लागते. दुसऱ्याच्या वाट्याची जागा बळकावणे अस्तेयात, म्हणजे चोरी न करण्याच्या यमात, कसे बसते, हे कोणी विचारत नाही. (प्राणायाम मात्र मनोभावे चालतो!) नळाला थेट मोटर लावून शेजाऱ्यांचे पाणी ओढणे याच जातकुळीतले.

वर्गचालकांनी सूर्यनमस्कारांपूर्वी दहा मिनिटे एखाद्या यमावर चर्चा घ्यावी आणि महापालिकेने उद्यानातील वर्गांना परवानगी देताना पदपथ मोकळा ठेवण्याची अट घालावी.

– एक वाचक, पुणे