आधी नळाला पाणी सोडा, मग आमच्या पिंपात वाकून बघा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय आरोग्यमंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू

सविनय नमस्कार.

मी बेळगाव तालुक्यात, बेल्लारी नाल्याच्या काठावरच्या एका गावात राहते. घरची थोडी भातशेती आहे, उरलेल्या वेळात ब्लाऊज शिवते. मंत्र्यांना पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी येईल असं वाटलं नव्हतं. पण गेल्या आठवड्यात माझ्या दारात जे झालं ते गिळून गप्प बसणं मला जमलं नाही.

माझी धाकटी मुलगी नववीत शिकते. डेंग्यू होऊन ती नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती. न्हाणीपर्यंत जायचं तरी भिंतीला धरून जात होती. अशात सकाळी डासांच्या अळ्या तपासायला कर्मचारी आले. मागच्या दारी आमची पिंपं असतात. एकानं झाकण काढून मोबाईलची बॅटरी आत मारली. पाण्याच्या अगदी वरच्या थराला बारीक अळ्या डोकं खाली, शेपूट वर करून लटकलेल्या होत्या. उजेड पडला तशा वळवळत तळाला गेल्या. खोटं कशाला बोलू, अळ्या होत्या. मग त्यांनी मला एका शब्दानं न विचारता पिंप आडवं केलं. चार दिवस पुरवायचं पाणी अंगणातून गटारात गेलं. माझ्या हातात नोटीस दिली. दंड दोनशे रुपये.

पुढचं पाणी कधी येणार, असं मी विचारलं. ते आमचं काम नव्हे, म्हणाले.

साहेब, ते काम कुणाचं हे विचारायला मी हे पत्र लिहिते आहे.

2024 च्या सप्टेंबरात आपल्या सरकारनं डेंग्यूला साथीचा रोग म्हणून जाहीर केलं आणि दंडाचा तक्ता काढला. शहरातल्या घराला 400 रुपये, खेड्यातल्या घराला 200. बांधकामाच्या जागेला शहरात 2000, खेड्यात 1000. तक्ता मी नीट वाचून घेतला आहे. त्यात घरमालक आहे, दुकानदार आहे, बिल्डर आहे. आठ-आठ, नऊ-नऊ दिवस नळाला पाणी न सोडणाऱ्याचं नाव त्यात कुठंच नाही.

ज्या डासानं डेंग्यू होतो त्याला गटार नको असतं. त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. मादी पिंपाच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने मरत नाहीत, पाणी चढलं की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्याकडच्या हवेत आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून तुमचं खातं सांगतं की आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करा, घासा, कोरडी ठेवा. पण नळ नवव्या दिवशी येत असेल तर सातव्या दिवशी मी पिंप कशी रिकामी करू? त्यात उरलेलं पाणी ओतून दिलं तर पुढचे दोन दिवस भात कशात शिजवू, आजारी पोरीचे कपडे कशात धुऊ? डास तयार व्हायला जेवढे दिवस लागतात, बरोबर तेवढ्याच दिवसांनी तुम्ही आम्हाला पाणी देता. नळ एक दिवसाआड आला असता तर गावात एकाही बाईनं पिंप भरून ठेवलं नसतं. एक पिंप किती जागा अडवतं आणि ते घासायला किती कंबर मोडते हे आम्हाला विचारा.

15 ऑगस्ट 2019 ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली की 2024 पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ येईल, माणशी रोज 55 लिटर पाणी मिळेल. नळ आला, मी नाकारत नाही. रस्ता उकरला, निळी पाईप आली, दारात तोटी बसली, फोटोही काढून नेला. आता मुदत 2028 पर्यंत वाढवली आहे. तोटीतून पाणी यायची मुदत कुठली, ते कुणी सांगत नाही.

त्या दिवशी आलेल्या माणसांकडं अळीनाशक औषध नव्हतं. टेमिफॉस म्हणून औषध असतं, ठरलेल्या प्रमाणात ते साठवणीच्या पाण्यात टाकता येतं. ते थेंबभर टाकलं असतं तर अळ्याही मेल्या असत्या आणि माझं पाणीही राहिलं असतं. पावतीपुस्तक मात्र कोरं करकरीत होतं.

आता मुलीच्या आजाराबद्दल लिहिते, कारण तुमच्या कागदावर ती फक्त एक आकडा असेल. पहिल्या दिवशी ताप 103 वर गेला. डोळ्यांच्या मागं कुणीतरी ठोकतंय असं म्हणत ती डोकं धरून बसायची. हाडं अशी दुखत होती की कूस बदलताना रडायची. मग ताप उतरला आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. डॉक्टर म्हणाले, आताच खरं जपायचं, डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस घातकी असतात. तेच झालं. पोट दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, प्लेटलेट तीस हजारांच्या खाली आल्या, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. रात्रभर सलाईनची बाटली बघत मी बाकड्यावर बसून होते. शेजारच्या खाटेवर आमच्याच गावचा एक मुलगा होता, पलीकडं नाल्याखालच्या गावची एक बाळंतीण. गावात निम्म्या घरांत या पावसाळ्यात ताप येऊन गेला. सरकारी यादीत त्यातले किती असतील? खासगी लॅबमध्ये कार्डावर केलेली टेस्ट मोजायची की नाही, यावरच तिथं वाद चाललेला असतो.

लॅबचंच सांगते. जुलै 2024 मध्ये आपल्याच सरकारनं डेंग्यूच्या एका चाचणीला जास्तीत जास्त 300 रुपये ठरवून दिले. आम्ही गेलो त्या लॅबनं त्याच्या दुपटीहून जास्त घेतले. दर दाखवा म्हटलं तर तुमच्याकडं पर्याय आहे का, असं विचारलं. मुलगी तापानं फणफणत असताना मी काय पर्याय शोधणार होते? माझ्या पिंपात वाकून बघायला माणसं आहेत, त्या लॅबच्या बिलात वाकून बघायला कुणी नाही.

आणि धुराची गाडी. साथ आली की ओरड होते, मग एका संध्याकाळी गाडी येते, गल्लीत पांढरा धूर सोडते, म्हातारी माणसं खोकतात, पोरं मागं पळतात, फोटो निघतो. तो धूर फक्त उडणारे डास मारतो, पाण्यातल्या अळीला त्यानं काही होत नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि घरात कपड्यांच्या मागं, कॉटखाली बसतो. रस्त्यावरचा धूर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्या धुरावर खर्च होणाऱ्या पैशात गावच्या प्रत्येक पिंपाला घट्ट बसणारं झाकण आलं असतं.

नाल्याचे डास वेगळे. शहराचं सांडपाणी घेऊन नाला आमच्या शिवारातून जातो, पावसाळ्यात पात्र सोडून भातात घुसतो. बेळगावचा वासाचा तांदूळ ज्या मातीत पिकायचा तिथं आता गुडघाभर काळं पाणी उभं राहतं. दिवस मावळला की घाण पाण्यातले ते डास ढगानं उठतात. गोठ्यात शेणी पेटवून वर कडुनिंबाचा ओला पाला टाकतो तेव्हा कुठं जनावरं धार काढू देतात. माणसांना मच्छरदाणी आहे. पण दिवसा शाळेत बसलेल्या पोरीला मच्छरदाणी कशी लावू? शाळेत पाण्याची उघडी टाकी आहे. तिथं नोटीस गेली का?

माझी बहीण खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला दिली आहे. तिच्याकडं डासापेक्षा गोचिडीची भीती. काजूच्या हंगामात तिकडची माणसं गोव्यात बागांत मजुरीला जातात. 2016 मध्ये गोव्यातल्या काजूच्या बागांत काम केलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या मजुरांना माकडताप झाल्याचं निदान झालं होतं. हा रोग तुमच्या कर्नाटकातलाच, 1957 मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला. रानातली बारकी गोचीड पायाला चिकटते, चावलेलं कळतही नाही, आणि आठवडाभरात माणूस तापानं आडवा होतो. जुनी लस उपयोगाची नाही म्हणून बंद केली. मग राहिलं काय? गोचीड चिकटू नये म्हणून अंगाला लावायचं डेपा तेल, लांब बाह्या, परत आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ आणि अंगावर शोधाशोध. मलनाडात, म्हणजे शिवमोग्ग्याकडच्या डोंगराळ भागात, हे तेल आरोग्य खातं वाटतं. माझ्या बहिणीच्या वाडीत ते कुणी बघितलेलं नाही. हंगाम सुरू व्हायच्या आधी, डिसेंबरातच, मजूर घेऊन जाणाऱ्या गाड्यांपाशी ते वाटता येणार नाही का?

गांधीलमाशी, आग्या मोहोळ यांचं तर कुणी नावही काढत नाही. उसात काम करणाऱ्या एका गड्यावर मोहोळ उठलं, तोंड सुजून श्वास कोंडला, आणि जवळच्या केंद्रात अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन शिल्लक नव्हतं. बेळगावला नेईपर्यंत तो वाचला हे त्याचं नशीब. ते काही महागडं औषध नव्हे.

आता ज्याचा राग सगळ्यात जास्त आहे ते लिहिते. ती नोटीस कन्नडमध्ये होती. डेंग्यू कसा टाळावा याचं पत्रकही फक्त कन्नडमध्ये. माझ्या सासूबाई मराठी शाळेत शिकल्या, घरातलं पाणी दिवसभर त्याच हाताळतात, आणि त्यांनाच ते वाचता येत नाही. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्राचं जुनं धोरण आहे. आमच्या गावात 15 टक्के सोडा, बहुतेक घरं मराठी आहेत. बोर्ड मराठीत लावला म्हणून गेली कित्येक वर्षं इथं काठ्या चालल्या आहेत, पण तापाचं पत्रक मराठीत छापलं तर राज्याचं काय बिघडतं? कन्नड आम्हाला परकं नाही, बाजारात, बसमध्ये रोज बोलतो. पण रोगाची सूचना ज्याला कळायला हवी त्याच्या भाषेत नको का?

आणि हे फक्त बेंगळुरूला उद्देशून नाही. 1956 पासून दोन राज्यं आमच्यावरून भांडताहेत. महाराष्ट्रानं 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो अजून चालूच आहे. 2023 मध्ये महाराष्ट्रानं 865 सीमाभागातल्या गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केल्याचं जाहीर केलं, तेव्हाच्या कर्नाटक सरकारनं लगेच विरोध केला. मुंबईला आमची आठवण भाषणापुरती येते आणि तुम्हाला आमचा राग त्या भाषणापुरता येतो. मधल्या मधे दवाखान्याचं बिल मी सोन्याची बोरमाळ गहाण ठेवून भरलं आहे. दोघांनीही ती सोडवून द्यायची भाषा केलेली नाही.

सुवर्ण विधानसौध, म्हणजे बेळगावातली तुमच्या विधिमंडळाची इमारत, आमच्या गावापासून लांब नाही. 2012 मध्ये त्याचं उद्घाटन झालं तेव्हा वाटलं होतं की सरकार दारात आलं. हिवाळी अधिवेशन तिथं भरतं, त्या दिवसांत गटारं उपसली जातात, रस्ते झाडले जातात. डेंग्यूचा जोर पावसाळ्यात असतो आणि तुम्ही येता डिसेंबरात.

माझं मागणं मोठं नाही. आमच्या भागात एक दिवसाआड पाणी येईपर्यंत खेड्यातल्या घरांकडून हा दंड घेणं थांबवा. कर्मचाऱ्यांच्या पिशवीत पावतीपुस्तकाआधी अळीनाशक द्या आणि पिंप ओतायचंच असेल तर तेवढं पाणी टँकरनं भरून द्या. नळाचं वेळापत्रक पंचायतीच्या भिंतीवर कन्नड आणि मराठी दोन्हींत लावा, आणि पाणी चुकलं तर जबाबदार अधिकाऱ्याचं नाव त्याखाली लिहा. येत्या अधिवेशनात या प्रश्नाला सभागृहात उत्तर द्या. दोनशे रुपये मी भरलेले नाहीत आणि तोपर्यंत भरणारही नाही.

आपली,
बेल्लारी नाल्याकाठची एक शेतकरी आई