आई-बाबांना पत्र: भूमध्य समुद्रातली क्रूझ कोणती घ्यायची

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेली ग्रीक बेटांच्या क्रूझची जाहिरात मी नीट वाचली. जुलै महिना, सात रात्री, माणशी ५०० युरो. आकडा मोहात पाडणारा आहे, पण ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला इटलीतल्या जेनोवाहून निघणारी पश्चिम भूमध्याची फेरी घ्यावी. तिचं भाडं माणशी ६५० च्या आसपास धरलं, तरी शेवटचं बिल तिचंच कमी येईल. कसं ते सांगते.

जाहिरातीतलं भाडं एका केबिनमध्ये दोघं राहणार असं धरून प्रत्येकी लिहिलेलं असतं. तुमच्या दोघांचे तिथे १००० युरो झाले. त्यावर जहाजावरचं सेवाशुल्क येतं. रोज माणशी १२ युरो धरले तर सात रात्रींचे दोघांचे १६८. शिवाय ग्रीसने जुलै २०२५ पासून क्रूझच्या प्रवाशांवर शुल्क लावलं आहे. जून ते सप्टेंबर या काळात सांतोरिनी आणि मिकोनोसला उतरायचे माणशी वीस-वीस युरो, म्हणजे तुमचे ८० गेले. आणि त्या मार्गावरची बघण्यासारखी ठिकाणं बंदरापासून लांब किंवा उंचावर असल्यामुळे तुमच्या वयाला जहाज कंपनीची बससहल घ्यावीच लागेल. माणशी ७० युरोंच्या तीन सहली धरा, दोघांचे ४२०. एकूण १६६८. जेनोवाच्या फेरीत १३०० भाडं, तेच १६८ सेवाशुल्क आणि बस-टॅक्सीला शंभर, असे १५६८ होतात. भाडं आणि सहलींचे आकडे मी अंदाजाने धरलेत, पण हिशेब याच पद्धतीने मांडायचा: भाडं नव्हे, घरी परत येईपर्यंतचा खर्च.

पैशांपेक्षा मला आईच्या गुडघ्यांची जास्त काळजी आहे. सांतोरिनीला जहाज धक्क्याला लागतच नाही. समुद्रात उभं राहतं आणि माणसांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. हलत्या बोटीत पाय टाकायचा, मग खालच्या बंदरावरून कड्यावरच्या फिरा या गावाला जायला केबल कारची रांग, नाहीतर खेचरं, नाहीतर जवळजवळ ६०० पायऱ्या. एकाच दिवशी तीन-चार जहाजं आली की त्या रांगेतच सकाळ जाते. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी वारा जोरात वाहतो. तो फार वाढला तर बोटी सोडत नाहीत आणि जहाज ते बेट गाळून पुढे जातं. ज्या बेटासाठी तिकीट काढलं तेच हुकायचं! अथेन्सला अलीकडच्या उन्हाळ्यांत उष्णतेची लाट आली की अॅक्रोपोलिस, म्हणजे टेकडीवरची प्राचीन मंदिरं, भर दुपारी काही तास बंद ठेवतात. आई, त्या उन्हात तू चढून जावंस अशी माझी अजिबात इच्छा नाही.

म्हणून क्रूझ निवडताना मी आधी बंदरांची यादी बघते. जहाज धक्क्याला लागतं का, आणि धक्क्यापासून गाव किती लांब? ‘रोम’ असं छापलेलं असतं, पण जहाज लागतं चिव्हितावेकियाला, तिथून रोम सुमारे ८० किलोमीटर. ‘फ्लोरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, तिथूनही तेवढंच लांब. व्हेनिसचं तर २०२१ पासून मोठ्या जहाजांना जुन्या शहरासमोरच्या कालव्यातून जाऊच देत नाहीत, म्हणून काही कंपन्या राव्हेन्ना किंवा त्रिएस्तेला उतरवून बसने पाठवतात. एवढा प्रवास करून हातात दोन-तीन तास उरतात.

जेनोवाची फेरी अशी आहे: नेपल्स, मेसिना, माल्टाचं व्हॅलेटा, एक पूर्ण दिवस समुद्रावर, मग बार्सिलोना, मार्से आणि परत जेनोवा. सगळीकडे जहाज धक्क्याला लागतं.

नेपल्सला जहाजातून उतरलं की समोर जुना किल्ला, म्हणजे आपण शहरातच. सगळे जवळच्या पॉम्पेईला, ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या प्राचीन शहराला, धावतात. बाबा, तुम्हालाही ते बघायचंय हे मला माहीत आहे. पण तिथले रस्ते मोठमोठ्या ओबडधोबड दगडांचे आहेत आणि सावली कमी. पॉम्पेईत सापडलेली उत्तमोत्तम भित्तिचित्रं आणि मोझेक नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात आहेत. टॅक्सीने तिथे जा, बसत-बसत बघा. मंगळवारी ते बंद असतं, त्यामुळे जहाज मंगळवारी नेपल्सला लागत नाही ना, हे तारीख ठरवतानाच बघायला हवं.

सिसिली बेटावरचं मेसिना बहुतेक लोक माहितीपत्रकात वाचून सोडून देतात आणि बसने ताओर्मिना या पर्यटकांच्या आवडत्या गावाला जातात. तुम्ही जाऊ नका. बंदरापासून चालत काही मिनिटांवर कॅथेड्रल आहे, त्याच्या मनोऱ्यावर १९३३ साली बसवलेलं यांत्रिक खगोलीय घड्याळ आहे. बरोबर बारा वाजता त्यातला सिंह गर्जना करतो, कोंबडा आरवतो, मूर्ती एकामागून एक फिरतात. चौकात उभं राहून फुकट बघायचं. बाबा, घड्याळं उघडून बसणाऱ्या माणसाने हे बघायलाच हवं, आणि या मार्गाला माझं मत पडलं त्यात या घड्याळाचा वाटा मोठा आहे.

व्हॅलेटाला जहाज शहराच्या तटाखालीच लागतं. तिथे ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे, ती थेट वरच्या बागेत नेऊन सोडते. एक पायरी चढावी लागत नाही, आणि वरून सगळं बंदर पायाशी दिसतं. तिथून सेंट जॉन कॅथेड्रलपर्यंत सावकाश चालत जा. तिथे इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं १६०८ मधलं भव्य चित्र आहे, त्याने स्वतःची सही केलेलं एकमेव.

बार्सिलोनाला धक्क्यावरून बस घ्यावी लागते. तिथल्या सग्रादा फामिलिया या प्रसिद्ध चर्चची वेळेसकट तिकिटं मी आधीच ऑनलाइन काढून ठेवीन. मार्सेचा धक्का शहरापासून बराच लांब आहे. त्या दिवशी दमला असाल तर जहाजावरच राहा. बरेच लोक उतरलेले असल्याने डेक मोकळा मिळतो.

केबिनवर मात्र थोडे पैसे घालू. सगळ्यात स्वस्त आतली केबिन, तीही कुठली ते कंपनी ठरवणार, असा एक प्रकार असतो. जाहिरातीतलं भाडं बहुधा त्याचंच. मग टोकाची खोली मिळाली की जहाजाचं हलणं जास्त जाणवतं. आईला मळमळतं, तेव्हा जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची, लिफ्टपासून जवळची खोली आपण स्वतः निवडू. आणि खिडकीची घेऊ. बाबांना पहाटे चारला जाग येते, आतल्या खोलीत दिवस उगवलाय की नाही तेसुद्धा कळत नाही. बाल्कनी नको, दिवसभर तुम्ही गावात असाल.

पेयांचं पॅकेज तुम्हाला विकायचा प्रयत्न होईल. तुम्ही दोघं घेत नाही, तर ठाम नाही म्हणा. काही जहाजांवर जेवणाच्या हॉलमध्ये पाण्याची बाटलीही बिलात लागते, बुफेवर साधं पाणी फुकट असतं. जहाज सुटलं की फोन फ्लाइट मोडवर टाका. समुद्रात फोन जहाजाच्या उपग्रहाच्या नेटवर्कला जोडला जातो आणि बिल भलतंच येतं. मी रोज संध्याकाळी जहाज सुटायच्या आधी फोन करीन. आणि परतायची जी वेळ सांगतील तिच्या तासभर आधी जहाजाजवळ पोचा. स्वतःहून गेलेल्यांसाठी ते थांबत नाही.

विम्यात काटकसर करायची नाही. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाला, किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतंच, आपण जास्त घेऊ. जहाजावरच्या डॉक्टरची फी लागते, आणि गरज पडली तर माणसाला किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च मोठा असतो. दोघांचे आधीचे सगळे आजार आणि औषधं अर्जात खरीखुरी लिहायची. लपवलं तर ऐनवेळी दावा नाकारतात.

व्हिसाच्या बाबतीतही हीच फेरी सोपी. इटली, माल्टा, स्पेन, फ्रान्स सगळे शेंगेनमध्ये, चलनही सगळीकडे युरो. तुमच्या जाहिरातीतली क्रूझ मध्येच तुर्कस्तानातल्या कुशादासीला जाते, म्हणजे परत ग्रीसमध्ये शिरायला अनेक प्रवेशांचा व्हिसा हवा आणि तुर्कस्तानचे नियम वेगळे. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो, आपण तो लवकर करू. जेनोवाला एक दिवस आधी पोचायचं, विमान उशिरा आलं तरी जहाज चुकणार नाही.

आता तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. दोघांच्या पासपोर्टच्या मुदतीच्या तारखा. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांची यादी, औषधांच्या मूळ नावांसकट. आणि आई, तू न थांबता किती वेळ चालू शकतेस ते खरं सांग, माझ्यासाठी वाढवून नको. त्यावर व्हॅलेटाला कॅथेड्रलपर्यंत चालायचं की टॅक्सी घ्यायची ते ठरवीन. रविवारी फोन करते, तोवर बाबांनी त्या जाहिरातवाल्यांना पैसे भरू नयेत.

तुमची लेक