सोयाबीनच्या यादीत तूरवाले

मा. संपादक,
आमच्या तालुक्याच्या पीक-नुकसानीच्या ऑनलाइन यादीत 'सोयाबीन' आणि 'बाधित' निवडलं, की ज्यांची फक्त तूर गेली तेही येतात; वर काही नावं दोनदोनदा. त्यावरून शेतकऱ्यांनाच लबाड ठरवणं सुरू आहे. मी परभणीत जँगोवर (वेबसाइट बनवायच्या एका सॉफ्टवेअर-चौकटीवर) काम करतो, लक्षण ओळखीचं आहे. डेटाबेसमध्ये शेतकरी एका टेबलात (तक्त्यात), त्याची पिकं दुसऱ्यात. दोन्ही अटी एकाच फिल्टरमध्ये (नोंदी गाळणाऱ्या आज्ञेत) दिल्या तर त्या एकाच पिकाच्या नोंदीला लागतात. फिल्टरला फिल्टर जोडला, की एक अट सोयाबीनच्या नोंदीवर आणि दुसरी तुरीच्या नोंदीवर जुळली तरी माणूस आत! डिस्टिंक्ट (सारख्या ओळी एकदाच दाखवणारी आज्ञा) लावून दुबार नावं जातील, चुकीची तशीच राहतील. दुरुस्ती ओळभराची, तिच्यापायी लोकांना पंचनाम्याच्या झेरॉक्सा घेऊन हेलपाटे कशाला?
– एक प्रोग्रामर, परभणी