खेळाचा तास गणिताला देऊ नका

संपादक महोदय,

माझी मुलगी दादरच्या एका शाळेत सातवीत आहे. चाचणी परीक्षा जवळ आली की तिचा शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला दिला जातो, आणि प्रगतिपुस्तकात शारीरिक शिक्षणाची श्रेणी मात्र नेमाने दिली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते दमवणारी हालचाल हवी. मुंबईत मैदाने अपुरी आहेत हे मान्य. पण लंगडी, दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार सभागृहातही घेता येतात. श्रेणी देताना शर्यतीत कोण पहिला आला हे पाहण्यापेक्षा, जूनमध्ये दोन मिनिटांत धापा टाकणारे मूल दिवाळीपर्यंत किती सुधारले, हे पाहावे. गणवेश विसरलेल्या मुलाला तासभर बसवून ठेवणे तर आधी थांबवावे.

— एक पालक, दादर, मुंबई